निजण्यापूर्वीची प्रार्थना आणि कामगाराची संध्याकाळ



ख्रिस्ती घरांत रात्री निजण्यापूर्वी मुलांना जवळ घेऊन प्रार्थना करण्याचा जो परिपाठ आहे, त्याच्या इतिहासावर आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. विषय ऐकून पुष्कळांना वाटले असेल, की हे काम एखाद्या पाद्रीसाहेबांचे किंवा धर्मशास्त्राच्या अभ्यासकाचे. युनियनच्या कचेरीत पगारपत्रके आणि बडतर्फीचे कागद चाळणाऱ्या माणसाने ह्यात कशाला पडावे? शंका रास्त आहे. आम्ही ख्रिस्ती नाही आणि पदवीधरही नाही. जे काही वाचले, ते सभा आणि वाटाघाटी ह्यांतून सवड काढून सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. पण ह्या विषयाशी आमची ओळख पुस्तकांतून झाली नाही. ती झाली एका भिंतीतून.

आमचे लहानपण मुंबईत लालबागच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत होते. शेजारच्या खोलीत नगर जिल्ह्यातून आलेले एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. तेथले काकाही गिरणीतच. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे इकडचे तिकडे सारे ऐकू येई. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती आणि परवचा होई. त्यांच्याकडे अंथरुणे घातल्यावर दोन्ही मुले गुडघ्यांवर बसत आणि वडिलांच्या मागोमाग प्रभूची प्रार्थना म्हणत. मग धाकटा पोरगा आपल्या मनाने एकेकाचे नाव घेऊन त्याला सांभाळ म्हणून देवाला सांगे. त्या यादीत पुष्कळदा आमचेही नाव असे, आणि भिंतीला कान लावून आम्ही त्याची वाट पाहत असू.

काका दुसऱ्या पाळीला असले म्हणजे मात्र फक्त काकूंचा आवाज येई. पाळी मध्यरात्री सुटे. त्यानंतर केव्हातरी कडी वाजे आणि निजलेल्या मुलांच्या उशाशी एक जाडसर पुटपुट थोडा वेळ चाले. काका एकटेच आपला राहिलेला वाटा पुरा करीत. आज इतक्या वर्षांनी आम्हांला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ त्या पुटपुटण्यात आहे. मुलांबरोबर प्रार्थना करायला श्रद्धा लागते हे उघडच आहे. पण त्याशिवाय रात्री घरी असलेले आईबाप लागतात, आणि डोळे उघडे ठेवण्याइतके त्राण उरलेले मूल लागते. धर्माच्या इतिहासात पहिल्या गोष्टीविषयी पुष्कळ लिहिलेले असते. दुसऱ्या गोष्टीविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

ह्या प्रथेचे मूळ ख्रिस्ती धर्माहूनही जुने आहे. अनुवादाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे, की देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा आणि निजताना व उठताना त्यांविषयी बोला. यहुदी घरांतून निजण्यापूर्वी त्या वचनांचा पाठ आजही होतो. ख्रिस्ती मठांत सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी दिनचर्येचे नियम घालून दिले. त्यांत दिवसाची शेवटची उपासना निजण्यापूर्वीची होती, आणि तीत स्तोत्रसंहितेतली तीन ठरावीक स्तोत्रे रोज म्हटली जात. ती झाली की मठात मौन. झोप म्हणजे छोटे मरणच, म्हणून झोपेच्या उंबरठ्यावर जीव देवाच्या हवाली करावा, ही भावना तेथे घट्ट रुजली. पण ही उपासना संन्याशांची होती; नांगर हाकणाऱ्याच्या पोराला तिचा फारसा स्पर्श नव्हता.

ती घराघरांत नेण्याचे मोठे श्रेय मार्टिन ल्यूथर ह्यांच्याकडे जाते. 1528 साली त्यांनी सॅक्सनीतली खेडी पाहिली, तेव्हा लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही येत नाही, आणि कित्येक धर्मगुरूही अडाणीच आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी, 1529 मध्ये, त्यांनी लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. भिंतीवर टांगता यावेत म्हणून तिचे भाग आधी मोठ्या कागदांवर छापले होते. हे शिक्षण घरात द्यायचे कोणी, तर घराच्या कर्त्या माणसाने. सकाळी काय म्हणावे, रात्री काय म्हणावे, हे तीत नेमून दिले आहे. रात्री क्रुसाची खूण करावी, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, एक छोटी प्रार्थना जोडावी, आणि मग लगेच आनंदाने झोपी जावे. हा शेवटचा 'आनंदाने' आम्हांला फार आवडतो. ल्यूथर स्वतः सहा मुलांचे बाप होते. एलिझाबेथ नावाची त्यांची मुलगी 1528 साली तान्हेपणीच गेली, आणि माग्दालेना 1542 साली तेराव्या वर्षी गेली. आनंदाने झोपी जा असे सांगणाऱ्याला रात्रीची भीती ठाऊक नव्हती असे कोणी समजू नये.

ही भीती पुढे मुलांच्या प्रार्थनेतच शिरली. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन लोकांनी बोस्टनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस 'न्यू इंग्लंड प्रायमर' नावाचे क्रमिक पुस्तक काढले. त्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत 1727 सालची आहे. पुढे पिढ्यान् पिढ्या मुले त्यावर अक्षरे गिरवीत वाढली. 1737 च्या आवृत्तीत निजण्यापूर्वी म्हणायची चार ओळींची एक प्रार्थना आहे. इंग्रजी भाषेत तिच्याइतकी मुखोद्गत झालेली मुलांची प्रार्थना क्वचितच असेल. तिचा आशय असा, की निजताना मूल आपला आत्मा देवाकडे ठेव म्हणून देते, आणि झोपेतच मरण आले तर तो तुझ्यापाशी ने अशी विनवणी करते. चार वर्षांच्या पोराच्या तोंडी मरणाची भाषा! आजच्या आईला हे वाचून शहारे येतील.

पण त्या आईबापांना निर्दय म्हणण्याआधी त्यांची घरे पाहावीत. बोस्टनचे विख्यात धर्मोपदेशक कॉटन मॅदर ह्यांच्या घरी 1713 च्या नोव्हेंबरात गोवर शिरला. दोन आठवड्यांच्या आत त्यांची पत्नी, नुकती जन्मलेली जुळी आणि एक लहानगी मुलगी, सारी गेली. घरातली मोलकरीणही गेली. अशा घरात रात्री निजलेले मूल सकाळी उठेलच, हे कोण छातीठोकपणे सांगणार? प्रार्थना खोटे बोलत नव्हती. तरीसुद्धा ह्या शिकवणुकीची किंमत मुलांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे. त्याच गावचे न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल ह्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की 1696 च्या जानेवारीत एके दिवशी जेवणानंतर त्यांची चौदा वर्षांची मुलगी एकाएकी हंबरडा फोडून रडू लागली. आपल्या पापांची क्षमा झालेली नाही, आपण नरकात जाणार, ह्या भयाने तिला ग्रासले होते. तिच्यासाठी प्रार्थना करण्यात आली. भय ज्या शिकवणुकीतून आले, तिच्यातच त्यावरचे औषध शोधावे लागले.

येथवरच्या इतिहासात एक गोष्ट आम्ही गृहीतच धरून चाललो, ती म्हणजे रात्री बाप घरी आहे आणि पोर जागे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गिरण्यांची आणि खाणींची भरभराट झाली आणि हे गृहीत ढासळले. 1780 साली ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स ह्यांनी गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली आणि ती चळवळ देशभर पसरली. आपण तिच्याकडे धर्मप्रसाराचा उद्योग म्हणून पाहतो. पण शाळा रविवारचीच का? कारण उरलेले सहा दिवस मुले कामावर होती. आईच्या मांडीवर शिकायची प्रार्थना आता आठवड्यातून एकदा बाकावर बसून शिकावी लागे, कारण आईलाही सवड नव्हती.

ह्या मुलांची हकिगत जगापुढे आली ती एका अपघातामुळे. यॉर्कशायर परगण्यात सिल्कस्टोन गावाजवळ हस्कर नावाची कोळशाची खाण होती. 4 जुलै 1838 रोजी मोठे वादळ झाले, वर खेचणारे इंजिन बंद पडले, म्हणून मुले एका उतरत्या बोगद्याच्या वाटेने बाहेर पडू लागली. इतक्यात फुगलेल्या ओढ्याचे पाणी आत घुसले आणि हवा अडवण्यासाठी बसवलेल्या दारावर ती दाबली गेली. सव्वीस मुलेमुली मेली. पुढे 1840 साली लॉर्ड ॲश्ली ह्यांच्या आग्रहावरून बालकामगारांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि 1842 मध्ये खाणींविषयीचा त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या जबान्या आहेत. मुलांना इतर प्रश्नांबरोबर हेही विचारले जाई, की तुला प्रार्थना येते काय?

सिल्कस्टोनपासून जवळच, बार्न्सलीच्या गॉबर खाणीतली आठ वर्षांची सॅरा गुडर हिची जबानी आम्ही किती वेळा वाचली असेल ते सांगता येत नाही. तिचे काम हवेच्या दाराशी बसायचे. कोळशाची गाडी आली की दार उघडायचे, गेली की लोटायचे. पहाटे चारला, कधी साडेतीनला ती खाणीत उतरे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला वर येई. ती सांगते, की कामाने दमायला होत नाही, पण दिवा नसतो आणि भीती वाटते. उजेड असला तर ती कधी गाणे म्हणे. काळोखात गायचे तिला धैर्य होत नसे. कामावर झोपत नाही म्हणते, पण सकाळी जाताना डोळ्यांवर फार झोप असते हेही सांगते. ती रविवारच्या शाळेत जाई, तेथे तिला प्रार्थना शिकवली होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे तिने प्रभूची प्रार्थना अडखळत म्हणून दाखवली, आणि न थांबता पुढे आपली पुस्ती जोडली. आई, बाप, भावंडे, काका, मावशा, चुलत-मामेभावंडे, आणि उरलेले सगळे ह्यांचे भले कर. माझेही भले कर, आणि मला चांगली चाकर कर. आमेन.

येशूचे नाव पुष्कळदा ऐकले आहे, पण तो पृथ्वीवर का आला आणि का मेला ते मला ठाऊक नाही, असे तिने सांगितले. त्याच्याविषयी तिला एक गोष्ट मात्र पक्की माहीत होती. त्याला डोके टेकायला दगड होते. शेवटी तिने सांगितले, की खाणीपेक्षा शाळेत असणे मला कितीतरी आवडेल.

ही जबानी वाचताना चाळीतला तो धाकटा पोरगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तीच नावांची यादी, तीच पुस्ती. फरक एकाच मागणीचा आहे. आपल्या शेजारच्या पोराने देवापाशी कधी पतंग मागितला, कधी परीक्षेत पास होणे मागितले. सॅरेने मागितले, चांगली चाकर होणे. आठ वर्षांच्या मुलीच्या मनात हे आपण होऊन आले असेल, असे आम्हांला वाटत नाही. शिकवणाऱ्यांनी प्रार्थनेबरोबर तिच्या पायरीचीही शिकवण दिली होती. मुलांची प्रार्थना देवाला उद्देशून असते, तरी ती घडवतात भोवतालची मोठी माणसे, आणि त्यांना मुलापासून काय हवे आहे ते तीत उतरते.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ज्या लॉर्ड ॲश्लींनी हा अहवाल पार्लमेंटपुढे मांडला, त्यांचे बालपण वाड्यात गेले. जन्म 1801 चा. वडील उमराव, आई ड्यूक ऑफ मार्लबरोची कन्या. पण आईबापांना मुलांची माया नव्हती. त्या पोरक्यासारख्या पोराला जीव लावला तो मारिया मिलिस ह्या घरातल्या बाईने. ती चाकरीतली. बायबलातल्या गोष्टी तिने सांगितल्या, गुडघ्यांवर बसवून प्रार्थना तिने शिकवली. ते सातव्या वर्षी शाळेत गेले, आणि पुढे थोड्याच काळात ती वारली. जाताना तिने आपले सोन्याचे घड्याळ त्यांच्या नावे ठेवले. पुढे ते अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले, पण अखेरपर्यंत तेच घड्याळ वापरीत, आणि हे आपल्याला जगातल्या सर्वांत जिवलग माणसाने दिले असे लोकांना सांगत. तिने शिकवलेली प्रार्थना त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

खाणीतली पोर चांगली चाकर होऊ दे म्हणून प्रार्थना करीत होती; आणि तिला खाणीतून वर काढण्यासाठी जो गृहस्थ 7 जून 1842 रोजी कॉमन्स सभेत उभा राहिला, त्याला प्रार्थना शिकवली होती एका चाकर बाईने. इतिहासात असे योग आपण जुळवावे लागत नाहीत. ते घडलेले असतात.

कायदा झाला तो मात्र अपुराच. ॲश्लींना तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी हवी होती; उमरावांच्या सभागृहात खाणमालकांनी ती दहा वर्षांवर आणली. सर्व स्त्रिया आणि मुली ह्यांना जमिनीखाली काम करण्यास मनाई झाली. त्यामुळे कित्येक बायांची मजुरी बुडाली आणि त्यांना भरपाई मिळाली नाही, हेही आम्हां कामगारांना विसरता येत नाही. 1847 साली गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अठरा वर्षांखालची मुले ह्यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. तेव्हा ॲश्ली सभागृहात नव्हते. तो पार पाडला जॉन फील्डन ह्यांनी. हे गिरणीमालक, पण लहानपणी बापाच्या गिरणीत स्वतः राबलेले. त्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षे सह्या गोळा करणाऱ्या आणि सभा भरवणाऱ्या कामगारांच्या समित्या होत्या. ॲश्ली समाजवादाचे आणि चार्टिस्ट चळवळीचे विरोधकच होते. आमच्यासारख्यांशी त्यांचे जमले नसते. तरी त्यांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही.

ह्या कथेचा धागा मुंबईपर्यंत येतो. 1875 साली शाफ्ट्सबरींनी हिंदुस्थानातल्या कापड गिरण्यांचा प्रश्न लॉर्ड्स सभेत उपस्थित केला. त्यामागे भूतदया होती, तसे लँकेशायरच्या मालकांचे हितही होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना सलत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले. मोठ्यांसाठी काहीच नाही. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. 1884 साली त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, आणि सकाळी साडेसहापासून फक्त सूर्यास्तापर्यंत काम.

सूर्यास्तापर्यंत! ही मागणी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा घड्याळाच्या हिशेबाने वाचली. पुढे उमगले, की सूर्यास्त म्हणजे दिवेलागण. ज्याच्या घरी शुभंकरोती असेल त्याला ती ऐकू यावी, ज्याच्या घरी नमाज असेल त्याला तो पढता यावा, ज्याच्या घरी गुडघे टेकायचे असतील त्याला ते मुलांबरोबर टेकता यावेत. एवढे ते मागणे होते. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार ख्रिस्ती उपासनेचा वार, तसा तो आपल्या खंडोबाचाही वार. सुटी मिळाली ती दोघांनाही. दुसऱ्या वर्षीच्या कायद्याने ती पक्की झाली, मुलांचे तास सातांवर आणि स्त्रियांचे अकरांवर आले.

आता पुन्हा त्या भिंतीपाशी येऊ. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यांत आमचे वडील आणि शेजारचे काका दोघेही होते. पाळ्या बंद झाल्या. त्या वर्षी काकांची एकही रात्रीची प्रार्थना चुकली नाही. भिंतीपलीकडून रोज चौघांचे आवाज एकत्र येत. हळूहळू डब्यांतले धान्य संपले, काकूंच्या हातांतल्या बांगड्या गेल्या. एका रात्री धाकट्याने नेहमीची यादी म्हटली आणि शेवटी देवाचे आभार मानले, की बाबा आता रोज घरी असतात. त्यानंतर बराच वेळ पलीकडून कोणाचाच आवाज आला नाही. मग काकांनी आमेन म्हटले.

पुढच्या पावसाळ्याआधी ते कुटुंब खोली सोडून गावी गेले. काका गिरणीत परत आले नाहीत. त्या रात्रीचे आमेन म्हणताना त्यांच्या मनात काय असेल, ह्याचा विचार आम्ही युनियनच्या कामात अनेकदा केला आहे. भाकरी हवी तर संध्याकाळ द्यावी लागते, आणि संध्याकाळ हवी तर भाकरी जाते, अशी अडवणूक कोणत्याही बापाची होऊ नये. आमच्या चळवळीचे सारे तत्त्वज्ञान आम्हांला त्या एका ओळीत सापडते.

काळाबरोबर प्रार्थनाही बदलली. लसी आल्या, स्वच्छ पाणी आले, मुले जगू लागली, आणि त्या जुन्या इंग्रजी प्रार्थनेतली मरणाची ओळ काढून तिच्या जागी सकाळच्या उजेडाची किंवा देवदूतांच्या पहाऱ्याची ओळ घालणारी अनेक रूपे विसाव्या शतकात रूढ झाली. देवावरचा विश्वास होता तसाच राहिला. रात्र मात्र कमी भयंकर झाली. ती तशी करण्यात वैद्यांचा वाटा आहे, तसा तास कमी करून घेणाऱ्या कामगारांचाही आहे.

पण काम पुरे झाले असे आम्हांला म्हणवत नाही. आज आमच्याकडे येणाऱ्यांत बारा बारा तास दाराशी उभे राहणारे पहारेकरी आहेत, हॉटेलांतली मुले आहेत, रात्री उशिरापर्यंत घरोघर सामान पोचवणारे तरुण आहेत. गेल्या वर्षी वसईकडच्या एका ख्रिस्ती पहारेकऱ्याला आम्ही रात्री नऊच्या सुमारास भेटायला गेलो होतो. तो फाटकाच्या दिव्याखाली उभा राहून भ्रमणध्वनी कानाशी धरून हलक्या आवाजात काही म्हणत होता. आम्हांला वाटले, घरचे काही निकडीचे असावे, म्हणून बाजूला थांबलो. संपल्यावर तो ओशाळून म्हणाला, "साहेब, पोरीची निजायची वेळ झाली होती. ती माझ्याबरोबर म्हटल्याशिवाय झोपत नाही."

सॅरा गुडर एका बंद दाराशी बसली होती. हा गृहस्थ एका फाटकाशी उभा होता. दोघांमध्ये पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. आता दाराशी मूल नाही, बाप आहे. आणि मूल घरी अंथरुणात आहे. हे मोठेच यश आहे, आणि ते ज्यांनी मिळवले त्यांना आमचे वंदन असो. राहिलेले अंतर फाटकापासून अंथरुणापर्यंतचे आहे. ते कमी करणे हे आपणां सर्वांचे काम आहे. आपला देव कोणता, हा प्रश्न त्यात येत नाही.